वेशीवरील द्वारपाल

महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या गांवांना तट असे, तटाला वेस असे आणि वेशीवर वेसकर असे. दिवस मावळला म्हणजे वेशीचे दरवाजे लागत. मागाहून आलेल्या परक्यानें आपलें नांव, गांव आणि काम सांगितल्याशिवाय त्यास आंत घेतलें जात नसे. गांवांत कोण आलें, कोण गेलें, कोणाचें घर कोणत्या आळींत आहे, ही सारी माहिती वेसकराच्या तोंडीं असे. परंतु आंत कोणास घ्यावें ह्याविषयींचा हुकूम पाटलाचा असे. वेसकराकडे जबाबदारी असे, अधिकार नसे. हें काम महार समाजावर वतन म्हणून पिढ्यान् पिढ्या लादलेलें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनांच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें, आणि पुढें १९५८ च्या कायद्यानें हीं वतनें नष्ट झालीं. वेसकरी गेली, परंतु वेशीवरचे तीन प्रश्न गेले नाहींत. आलेला कोण आहे? त्याला कोणाकडे जावयाचें आहे? आणि त्याला जाऊं द्यावें काय?

हेच तीन प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका पेटीएवढ्या यंत्राच्या पोटांत पुन्हां उभे राहिले. त्या यंत्राचें नांव चित्रसंभाषणाचा, अथवा रूढ शब्दांत सांगावयाचें तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा, गेटवे. एका बाजूस टेलिफोनच्या तारा, दुसऱ्या बाजूस संगणकांचें जाळें. ह्या दोन मुलखांच्या भाषा निराळ्या, म्हणून मधल्या वेशींत बसून हें यंत्र एकीकडचा आवाज व चित्र दुसरीकडच्या भाषेंत घालतें. अशा कित्येक यंत्रांच्या आंतच एक द्वारपालहि बसविलेला असतो. त्याला तंत्रज्ञ ‘गेटकीपर’ म्हणतात. यंत्र मांडणाऱ्या इंजिनिअरास पडद्यावर कांहीं साधे प्रश्न सोडवावे लागतात. हा आंतला द्वारपाल चालू करावयाचा कीं नाहीं? त्याच्या वहींत कोणाचीं नांवें घालावयाचीं? शेजारचे द्वारपाल कोण? अनोळखी नांवाची विचारणा आली तर ती पुढें पाठवावयाची काय? प्रश्न किरकोळ दिसतात. परंतु माणसामाणसांतील संभाषणाच्या दारावर कोणी बसावें आणि त्यानें कोणाच्या हुकुमानें वागावें, हा शंभराहून अधिक वर्षांचा वाद त्यांत दडलेला आहे. तो कसा वाढत गेला, हें पाहण्यासारखें आहे.

टेलिफोनचें पहिलें व्यापारी मध्यवर्ती केंद्र अमेरिकेंतील न्यू हेवन येथें २८ जानेवारी १८७८ रोजीं उघडलें. वर्गणीदार अवघे २१ होते. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें केंद्रांतील माणसास हव्या त्या गृहस्थाचें नांव सांगावें, आणि त्या माणसानें दोघांच्या तारा जोडून द्याव्या, अशी रीत होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बोस्टन शहरीं एमा नट ही तरुणी ह्या कामावर रुजू झाली, आणि पुढें हें काम बहुतांशीं स्त्रियांच्याच हातीं गेलें. तारा जोडणारी ही बाई म्हणजे त्या गांवची खरी वेसकरीण होती. डॉक्टर घरीं आहेत कीं दवाखान्यांत, वकील कोर्टांतून परतले कीं नाहीं, हें ती जाणत असे आणि त्याप्रमाणें तार जोडीत असे.

ह्या व्यवस्थेंतील पहिला धोका दुसऱ्याच वर्षीं दिसून आला. १८७९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथें गोंवराची सांथ आली. तेथील डॉ. मोझेस पार्कर ह्यांच्या मनांत असें आलें कीं, केंद्रांतील चारी ऑपरेटर एकदम आजारी पडले तर गांवचा टेलिफोन बंद पडेल. कारण कोणाचें नांव कोणत्या तारेशीं जोडलेलें, हें त्या चौघांच्याच ध्यानांत होतें. त्यांनीं सुचविलें कीं, प्रत्येक वर्गणीदारास क्रमांक द्यावा, म्हणजे नवख्या माणसालाहि काम चालवितां येईल. आज जगभर रूढ असलेल्या टेलिफोन क्रमांकाचा उगम हा असा सांगतात. द्वारपालाच्या डोक्यांतील ज्ञान तेथें प्रथम कागदावर आलें. ह्यानंतर थोड्याच वर्षांनीं, २८ जानेवारी १८८२ रोजीं, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील टेलिफोन केंद्रें उघडल्याचें जाहीर झालें, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांसहि ह्या नव्या वेशीची ओळख पटली.

दुसरा धोका सांथीचा नव्हता. तो पक्षपाताचा होता. कॅन्सस सिटी शहरीं आल्मन स्ट्रौजर नांवाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत. त्यांच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, त्यांचें गिऱ्हाईक एकाएकी कमी होऊं लागलें; शोध करतां त्यांना संशय आला कीं, टेलिफोन केंद्रांत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरची बाई काम करीत असून, स्ट्रौजर ह्यांच्यासाठीं आलेले कॉल ती तिकडे वळविते. हकीकतीचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. परंतु स्ट्रौजर ह्यांनीं मनुष्याच्या हाताशिवाय तारा जोडणारें यंत्र काढलें, त्यास मार्च १८९१ मध्यें पेटंट मिळालें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्त येथें त्या पद्धतीचें केंद्र सुरू झालें, ह्याबद्दल वाद नाहीं.

स्ट्रौजर ह्यांच्या यंत्रानें द्वारपालाचा पक्षपात घालविला, आणि त्याबरोबरच त्याची समजूतहि घालविली. यंत्र क्रमांक ओळखी, माणूस ओळखीत नसे. तरीहि एक गोष्ट त्यानें कायम राखली. सर्व तारा एकाच ठिकाणीं येऊन मिळत, आणि मोकळी तार नसली तर बोलूं पाहणाऱ्यास तसा सूर ऐकूं येई. नकार मिळे, परंतु तो सर्वांना सारखा मिळे. हिंदुस्थानांत स्वयंचलित केंद्र प्रथम सिमल्यास १९१३-१४ च्या सुमारास आलें. परगांवीं मात्र पुढेंहि पुष्कळ वर्षें ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवूनच बोलावें लागे. वर्गणीदारानें स्वतः क्रमांक फिरवून परगांवीं बोलण्याची सोय देशांत प्रथम १९६० सालीं कानपूर व लखनौ ह्यांच्या दरम्यान झाली.

आवाजाबरोबर चित्रहि पाठवावें, ही हौसहि जुनीच आहे. जर्मनींत १ मार्च १९३६ पासून बर्लिन व लाइपझिग ह्या शहरांच्या दरम्यान सार्वजनिक चित्र-टेलिफोन चालू झाला होता. बोलणाऱ्यांनीं आपापल्या शहरांतील ठराविक खोलींत जाऊन बसावें आणि एकमेकांस पाहत बोलावें, अशी योजना होती. महायुद्धांत १९४० सालीं ती बंद पडली. अमेरिकेंत बेल कंपनीनें १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत आपला ‘पिक्चरफोन’ मांडला, आणि १९७० सालीं पिट्सबर्ग शहरांत त्याची व्यापारी सेवा सुरू केली. महिन्याचें भाडें १६० डॉलर होतें. इतके पैसे भरून पडद्यावर पाहावयाचें कोणाला, तर तितकेच पैसे भरणाऱ्या दुसऱ्या थोडक्या लोकांना! ही सेवा फोफावली नाहीं, ह्यांत नवल नाहीं.

चित्रसंभाषण कचेऱ्यांच्या आटोक्यांत आलें तें टेलिफोनच्या अंकीय तारांमुळें. आय. एस. डी. एन. नांवाच्या ह्या पद्धतींत प्रत्येक वाट सेकंदास ६४ हजार अंकबिंदु, म्हणजे ६४ किलोबिट, वाहून नेई. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें ह्या वाटांवरील चित्रसंभाषणासाठीं १९९० सालीं एच. ३२० ही शिफारस मंजूर केली. बऱ्यापैकीं चित्र हवें असल्यास अशा सहा वाटा एकत्र बांधाव्या लागत. त्यांचें माप ३८४ किलोबिट होई. येथें निराळ्या द्वारपालाची गरज नव्हती. टेलिफोनचें केंद्र तेंच, क्रमांक तोच, आणि वाटा जितक्या मोजून घेतल्या तितक्याच मिळत. हमी होती, मात्र मिनिटामिनिटाचे पैसे पडत.

इतक्यांत कचेऱ्यांतून दुसरेंच एक जाळें पसरलें होतें. तें संगणकांचें स्थानिक जाळें होय. त्यांत सर्व यंत्रें एकाच वाटेवर बसलेलीं असतात. प्रत्येक यंत्र आपली माहिती लहान लहान पाकिटांत भरून, वर पत्ता घालून, हवें तेव्हां सोडून देतें. मध्यें केंद्र नाहीं, ऑपरेटर नाहीं, वाट राखून ठेवण्याची सोय नाहीं. पत्रें व हिशेब पाठविण्यास ही मोकळीक फार उपयोगी पडली. पाकीट अर्धा सेकंद उशिरां आलें तरी पत्राचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु चालत्या चित्राचें आणि बोलण्याचें तसें नाहीं. दहा जणांनीं एकाच वेळीं चित्रसंभाषण सुरू केलें, कीं दहाहि जणांचीं चित्रें अडखळतात आणि शेजारच्या हिशेबनिसाचें कामहि खोळंबतें. ज्या गांवाला वेस नाहीं, त्या गांवांत सर्वच गाड्या एकदम शिरूं पाहतात. तशांतला हा प्रकार होता.

ह्या अडचणीवर उपाय म्हणून दूरसंचार संघानें १९९६ सालीं एच. ३२३ ही शिफारस मंजूर केली. सेवेच्या दर्जाची हमी नसलेल्या स्थानिक जाळ्यांवरील चित्र-टेलिफोनची व्यवस्था, अशा अर्थाचें लांबलचक नांव तिला दिलें होतें. हमी नाहीं, ही गोष्ट तिच्या कर्त्यांनीं नांवांतच कबूल केली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ह्या शिफारशींत चार पात्रें कल्पिलीं आहेत. पहिलें, बोलणाऱ्याच्या समोरचें यंत्र, दुसरें, अनेकांची सभा एकत्र जुळविणारें यंत्र, तिसरा गेटवे, आणि चौथा गेटकीपर, म्हणजेच द्वारपाल. स्ट्रौजर ह्यांनीं ज्या मध्यस्थास यंत्राच्या साहाय्यानें घरीं बसविलें, त्यालाच शंभर वर्षांनीं, यंत्राच्या रूपानें कां होईना, पुन्हां बोलावून आणावें लागलें.

ह्या द्वारपालाचीं मुख्य कामें चार ठरलीं. नांव किंवा क्रमांक सांगितला असतां यंत्राचा जाळ्यांतील खरा पत्ता शोधून देणें. कॉलला प्रवेश देणें अथवा नाकारणें. वाटेची रुंदी किती वापरली जात आहे ह्यावर नजर ठेवणें. आणि आपल्या हद्दींतील यंत्रांचा कारभार पाहणें. त्याच्याशीं बोलण्याची भाषाहि ठरली. नोंदणी, प्रवेश व स्थिति ह्या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘रास’ हें नांव मिळालें.

तिची रीत अशी आहे. नवें यंत्र चालू झालें कीं तें जाळ्यावर दवंडी पिटतें: ह्या हद्दीचा द्वारपाल कोण? द्वारपाल उत्तर देतो. मग यंत्र आपलें नांव, क्रमांक व पत्ता सांगून वहींत नोंद करून घेतें. कॉल करण्यापूर्वीं तें परवानगी मागतें: अमक्याशीं बोलावयाचें आहे, इतकी रुंदी लागेल. द्वारपाल वही पाहतो, वाटेवरील गर्दी पाहतो, आणि पत्ता देऊन परवानगी देतो किंवा नाकारतो. बोलणें संपलें कीं यंत्र तसें कळवितें, आणि अडलेली रुंदी मोकळी होते. मूळ योजनेंत चित्र व आवाज द्वारपालाच्या हातून जात नाहींत. तीं दोन यंत्रांच्या दरम्यान थेट वाहतात. तो वाट दाखवितो, संभाषण ऐकत नाहीं.

ह्यांत एक बारीक परंतु मोलाची तरतूद आहे. नकार देतांना द्वारपालानें त्याचें कारणहि कळवावयाचें असतें: बोलावलेल्याची नोंद नाहीं, बोलावणाऱ्याची नोंद नाहीं, वाटेंत जागा नाहीं, सुरक्षिततेच्या नियमानें मनाई आहे. कॅन्सस सिटीच्या त्या हकीकतींत स्ट्रौजर ह्यांची खरी तक्रार काय होती? आपला कॉल कोठें गेला आणि कां गेला, हें त्यांना कळण्यास मार्गच नव्हता. एच. ३२३ च्या कर्त्यांनीं तो मार्ग नियमानेंच घालून दिला.

मात्र ह्या शिफारशीनें द्वारपाल सक्तीचा केला नाहीं. तो असल्यास हद्दींतील यंत्रांनीं त्याचें ऐकावें. नसल्यास त्यांनीं एकमेकांचे पत्ते लक्षांत ठेवून थेट बोलावें, असें ठरलें. मोठ्या संस्थांनीं द्वारपालासाठीं निराळा संगणक ठेवला. पंधरावीस यंत्रें असलेल्या कचेरीस तो खर्च नकोसा वाटे. तिच्यासाठीं कारखानदारांनीं सोपी तोड काढली. गेटवेच्या किंवा सभा जुळविणाऱ्या यंत्राच्या पोटांतच लहानसा द्वारपाल बसवून दिला. २००२ सालीं स्थापन झालेल्या कोडियन ह्या कंपनीच्या यंत्रांत असा द्वारपाल असे. ही कंपनी २००७ सालीं नॉर्वेच्या टँडबर्ग कंपनीनें घेतली, आणि २०१० सालीं टँडबर्गच अमेरिकेंतील सिस्को कंपनीकडे गेली. त्याबरोबर हा पोटांतला द्वारपालहि घरें बदलीत गेला.

त्याची मांडणी करतांना काय काय पाहावें लागे, हें एका कल्पित कचेरीच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. कचेरींत बारा चित्रसंभाषण-यंत्रें आहेत. त्यांस २००१ पासून २०१२ पर्यंत क्रमांक दिले. बाहेरच्या टेलिफोन-तारेवर जावयाचें असल्यास क्रमांकामागें ९ लावावा, असें ठरवून ९ हा अंक गेटवेच्या नांवें वहींत नोंदविला. आतां ह्यापुढें ९ नें सुरू होणारा क्रमांक कचेरींतील कोणत्याहि यंत्रास देतां कामा नये. दिला तर द्वारपालाची गफलत होणार. गेटवेला तीस वाटांची मोठी तार जोडली आहे. एका चांगल्या चित्रास सहा वाटा लागतात. तेव्हां बाहेर एका वेळीं पांचच संभाषणें जाऊं शकतात. सहावा आला, तर त्याला वेळींच आणि कारण सांगून थांबविणें, हेंच शहाणपणाचें. नाहींतर तो पडद्यासमोर ताटकळत बसतो, आणि यंत्र नादुरुस्त आहे असें समजून चालत्या यंत्राची मोडतोड करूं लागतो.

दुसरी काळजी एका हद्दींत दोन द्वारपाल न होऊं देण्याची. कचेरींत आधींच एक द्वारपाल असून नव्या गेटवेच्या पोटांतला दुसराहि चालू राहिला, तर दवंडीला दोघेहि उत्तर देतात. कांहीं यंत्रें एकाच्या वहींत जातात, कांहीं दुसऱ्याच्या. आणि शेजारशेजारच्या खोल्यांतील दोन माणसें एकमेकांस सांपडत नाहींत. म्हणून जाणते इंजिनिअर दवंडीवर विसंबत नाहींत. प्रत्येक यंत्रास द्वारपालाचा पत्ता स्वतः लिहून देतात, आणि नको असलेला द्वारपाल बंद ठेवतात. तिसरी गोष्ट ही कीं, वेस आणि वेसकर एकाच पेटींत असल्यामुळें पेटी बंद पडली कीं दोन्ही एकदम जातात. मग बाहेरचें तर राहोच, पण घरांतल्या घरांत क्रमांकानें बोलणेंहि थांबतें. स्वस्ताईची ही किंमत होती. लोवेलच्या डॉक्टरांस चार ऑपरेटरांच्या आजाराची जी भीति वाटली, तीच येथें नव्या वेषांत आली.

चौथा प्रश्न शेजाऱ्यांचा. आपल्या वहींत नसलेल्या नांवाविषयीं द्वारपाल शेजारच्या द्वारपालाकडे विचारणा करूं शकतो. ह्याच युक्तीवर विद्यापीठें व संशोधनसंस्था ह्यांच्या जाळ्यांनीं जागतिक क्रमांक-योजना उभारली. आरंभीं दोन शून्यें, मग देशाचा अंक, मग संस्थेचा, शेवटीं यंत्राचा. संस्थेचा द्वारपाल देशाच्या द्वारपालास विचारी, देशाचा जगाच्या द्वारपालास. कोणा एका कंपनीच्या मालकीशिवाय, निव्वळ शेजारधर्मावर चाललेली ही व्यवस्था होती. परंतु शेजारधर्मालाहि मर्यादा लागते. प्रत्येक अनोळखी विचारणा डोळे मिटून पुढें पाठविली, तर ती ह्या दारावरून त्या दारावर हिंडत राहते. आणि कोणाचीहि विचारणा स्वीकारली, तर परका मनुष्य आपल्या गेटवेवरून, आपल्या खर्चानें, दूरदेशीं बोलूं शकतो. म्हणून कोणत्या शेजाऱ्याची विचारणा घ्यावयाची आणि कोणती पुढें धाडावयाची, हे दोन निरनिराळे प्रश्न पडद्यावर निरनिराळे विचारलेले असतात.

इतकें करूनहि एक समज दूर करणें जरूर होतें. द्वारपाल नेमला म्हणजे घर सुरक्षित झालें, असें पुष्कळांस वाटे. एच. ३२३ च्या यंत्राचें दार १७२० ह्या ठराविक क्रमांकावर असतें. ज्याला यंत्राचा पत्ता ठाऊक आहे, तो द्वारपालास न विचारतां थेट त्या दारावर थाप मारूं शकतो. वेशींत वेसकर बसला, पण गांवाला तटच नसला, तर चोरानें वेशींतून कां यावें? ह्याचें प्रत्यंतर २०१२ च्या जानेवारींत आलें. रॅपिड-सेव्हन ह्या कंपनीचे सुरक्षातज्ज्ञ एच. डी. मूर ह्यांनीं इंटरनेटच्या पत्त्यांपैकीं सुमारें तीन टक्के पत्त्यांची पाहणी केली. तेवढ्यांत त्यांना ह्या पद्धतीचीं सुमारें अडीच लाख यंत्रें आढळलीं. आणि त्यांपैकीं जवळजवळ पांच हजार यंत्रें अशीं होतीं कीं, कोणीहि बोलावलें असतां तीं आपण होऊन उत्तर देत. सभागृहांतील माणसांस पत्ता लागूं न देतां बाहेरच्यास आंतलें बोलणें ऐकतां यावें, कॅमेरा फिरवून टेबलावरील कागद पाहतां यावे, अशी ही स्थिति होती. यंत्र महाग होतें, पडदा मोठा होता, खोली सजविलेली होती. परंतु दारावर कोणी आल्यास काय करावें, हा साधा प्रश्न मांडणीच्या वेळीं कोणी सोडविलाच नव्हता.

द्वारपालाच्या ज्ञानाची दुसरी मर्यादा महाराष्ट्रांतीलच एका खटल्यानें दाखवून दिली. मुंबईंतील एका फौजदारी खटल्यांत न्यूयॉर्क येथील एका डॉक्टरची साक्ष चित्रसंभाषणाच्या द्वारें घ्यावी काय, हा प्रश्न निघाला. मॅजिस्ट्रेटनें परवानगी दिली, उच्च न्यायालयानें ती रद्द केली, आणि महाराष्ट्र राज्यानें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें नेलें. एप्रिल २००३ मध्यें त्या न्यायालयानें अशी साक्ष ग्राह्य ठरविली. आरोपीसमक्ष साक्ष होणें म्हणजे साक्षीदाराचा देह त्याच खोलींत असणें नव्हे, असा त्याचा अभिप्राय पडला. परंतु न्यायालय तेवढ्यावर थांबलें नाहीं. साक्षीदाराच्या ठिकाणीं एखादा जबाबदार अधिकारी हजर असावा, ही खबरदारीहि त्यानें सुचविली. कारण उघड आहे. यंत्राचा द्वारपाल फार तर असें सांगेल कीं, अमुक क्रमांकाचें यंत्र बोलत आहे. त्या यंत्रासमोर कोण बसलें आहे, त्याच्या कानांशीं कोणी लागलें आहे काय, हें सांगण्यास माणूसच लागतो. स्ट्रौजर ह्यांच्या यंत्रानें जी समजूत गमावली, ती न्यायालयानें माणूस उभा करून परत मिळविली.

पुढें काळ बदलला. सिप नांवाची निराळी भाषा प्रचारांत आली; टेलिफोनच्या अंकीय तारा देशोदेशीं काढून टाकल्या जाऊं लागल्या; आणि संभाषण जुळविण्याचें काम कचेरींतील पेटींतून उठून दूरच्या कंपन्यांच्या संगणकांवर गेलें. २०२० सालच्या महामारींत शाळा, कचेऱ्या व न्यायालयें एकदम पडद्यावर आलीं, तेव्हां कोट्यवधि लोकांना द्वारपालाचें नांवहि ठाऊक नव्हतें. सभेचा क्रमांक मिळवून परके लोक वर्गांत व सभांत घुसूं लागले, आणि अर्वाच्य चित्रें दाखवूं लागले. त्या वर्षींच्या एप्रिलांत झूम कंपनीनें आपल्या पुष्कळशा ग्राहकांसाठीं परवलीचा शब्द आणि ‘प्रतीक्षाकक्ष’ हीं आपोआप चालू ठेवण्याचें ठरविलें. ह्या कक्षांत थांबलेल्या मनुष्याचें नांव पाहून यजमानानें त्याला आंत घ्यावयाचें असतें. म्हणजे वेस आली, वेसकर आला, आणि आलेला कोण, हा पहिला प्रश्न पुन्हां विचारला जाऊं लागला.

फरक इतकाच पडला कीं, ही वेस आतां बहुधा आपल्या गांवांत नसते. पोटांतला द्वारपाल लहान होता, बंद पडणारा होता, कित्येकदां अडाणीपणानें मांडलेला होता. परंतु त्याची वही कचेरीच्या आवारांत होती, आणि त्याला हुकूम देणारा मनुष्य त्याच इमारतींत बसत असे. नकार कां मिळाला, हें त्याला जाऊन विचारतां येई. दूरच्या कंपनीचा द्वारपाल पुष्कळ अधिक समर्थ आहे. तो एका वेळीं लाखों सभा सांभाळतो. मात्र त्याच्या वहींत काय लिहिलें जातें, त्याचे नियम केव्हां बदलतात आणि त्यानें एखाद्यास दाराबाहेर ठेवलें तर दाद कोणाकडे मागावी, हें दारावर उभ्या असलेल्या मनुष्यास सहसा ठाऊक नसतें. स्ट्रौजर ह्यांना निदान केंद्र कोणत्या रस्त्यावर आहे, हें माहीत होतें.

न्यू हेवनच्या २१ वर्गणीदारांपासून आजच्या पडद्यापर्यंत द्वारपालाचें रूप अनेकदां पालटलें. पण त्याच्याविषयींचे प्रश्न तेच राहिले आहेत. त्याची वही कोणाच्या ताब्यांत आहे? तो हुकूम कोणाचा पाळतो? आणि नाहीं म्हणतांना तो कारण सांगतो काय? लहान कचेरींत गेटवे मांडणारा इंजिनिअर पडद्यावरील चार चौकोनांत खुणा करून ह्या प्रश्नांचीं उत्तरें देऊन टाकतो, आणि बहुधा त्याला तें जाणवतहि नाहीं. एखादी संस्था, शाळा किंवा ग्रामपंचायत नवी व्यवस्था विकत घेऊं लागली म्हणजे पडदा किती मोठा आणि चित्र किती स्वच्छ, हें ती आवर्जून विचारते. त्याच बैठकींत दारावर कोण बसणार आहे, हेंहि तिनें विचारावें, आणि मिळालेलें उत्तर कागदावर लिहून घ्यावें.